गुणवंतीचा नंबर

दिवे गेले तेव्हा साडेआठ झाले होते. पडवीत मेणबत्ती लागते न लागते तोच ऋत्विकचा फोन वाजला.

"हां, बोल," ऋत्विक म्हणाला.

एवढ्यावरच आरामखुर्चीत पडलेले लवूतात्या उठून बसले. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. कानाला हेडफोन नाही म्हणूनच निवृत्त म्हणायचा, बाकी ड्यूटी चालूच. पुतणीची दोन्ही पोरं, ऋत्विक आणि तेजल, सुट्टीला आली की त्यांच्या प्रत्येक फोनची तपासणी व्हायची.

"'हां, बोल'!" तात्यांनी त्याचा आवाज काढून दाखवला. "अरे, दार वाजलं तर बघण्याआधीच 'हां, ये' म्हणतोस का?"

"तात्या, स्क्रीनवर नाव दिसतं."

"नाव दिसतं. माणूस दिसतो का?"

तेजल हसली. "मग कसं उचलायचा हो फोन?"

"ते शिकवायचा पगार घेणारी एक बाई मला माहीत आहे," तात्या म्हणाले. "जयगडला. आमच्या रघूची सून. ऐका. मग परत 'हां, बोल' म्हणून दाखवा, मी तुम्हाला पन्नास आंबे देतो." थोडं थांबून त्यांनी मेणबत्ती जरा लांब सरकवली. "तारीख बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मंगळवार. कार्तिक अमावास्या. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी."

आणि तात्यांनी सांगायला सुरुवात केली.

सलोनी दहिसरची. तिची नोकरी अशी, की मुंबईत सांगितली तर कुणी मान वर करून बघणार नाही आणि जयगडात सांगितली तर कुणी हसायचं थांबणार नाही. कॉल सेंटरच्या पोरांना ती फोन उचलायला शिकवायची. नवरा सर्वेश मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. बाळंतपणानंतर ती सासूकडे जयगडला राहिली आणि तिथूनच, घरात वायफाय बसवून, लॅपटॉपवर शिकवू लागली.

तिचा एक रंगीत तक्ता होता. जर्मन माणूस फोन उचलताच आधी आपलं आडनाव सांगतो. इटालियन म्हणतो 'प्रोन्तो', म्हणजे मी तयार आहे. मेक्सिकोत म्हणतात 'ब्वेनो', बरं. आणि जपानी म्हणतात 'मोशी मोशी'. दोनदा. का, तर त्यांच्यात जुनी समजूत अशी की भुताला ते दोनदा म्हणता येत नाही. इथे सलोनी नेमकी थांबायची. पोरं 'वॉव' म्हणायची. "किती गोड ना?" ती म्हणायची. "केवढी जुनी संस्कृती!"

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे तिची सासू कानाला फोन लावून मुकी उभी असायची.

सासूचं नाव गुणवंती. चाळीस वर्षं जेट्टीवर मासळी विकलेली बाई. आवाज असा की खाडीपलीकडच्या तवसाळला ऐकू जावा. पण फोनवर चकार शब्द नाही. तिचा बटणांचा जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या आकड्याला टांगलेला असे, कारण अख्ख्या घरात रेंज तेवढ्याच वीतभर जागेत. वाजला की गुणवंती पदराला हात पुसायची, फोन कानाला लावायची आणि गप्प. पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करून घसा सुकवायचा. बँकेचा माणूस कंटाळून फोन ठेवायचा. रेशनवाला शिव्या द्यायचा. नाव घेऊन तीनदा हाक मारली, तरच मग गुणवंती 'ओ...' द्यायची. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला द्यावी तशी, लांबलचक. पोटचा सर्वेशसुद्धा जहाजावरून आधी 'आई, आई, आई' म्हणायचा, मग तब्येत विचारायचा.

"रातच्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देऊ नये, बाय," तिनं सुनेला एकदा समजावलं होतं. "माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं कोण असलं तर त्याला जमत नाय."

"पण आई, दिवसाढवळ्या? फोनवर?"

"फोनला काय ठावक, दिस हाय का रात?"

हे गोड नव्हतं बरं का. ही संस्कृती नव्हती. जपानातली ती संस्कृती आणि जयगडातली ती अडाणी म्हातारी! सलोनी मैत्रिणींना तिची नक्कल रेकॉर्ड करून पाठवायची. 'गुणवंतीबाईंचं कस्टमर केअर' असं नावच ठेवलं होतं तिनं. आधी दहा सेकंद नुसती शांतता, आणि मग ती सासूची 'ओ...'. इतकी हुबेहूब काढायची, की मैत्रिणी लोटपोट.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत सलोनीला दुसरं काही धड जमत नव्हतं. बाळाचा श्वास चालू आहे का, ते ती रात्रीतून सहा वेळा उठून बघायची. तीन शिंका आल्या तर फोनवर शोधायची, आणि फोन सांगायचा की एक तर सर्दी असेल नाहीतर काहीतरी भयंकर. दूध जास्त झालं का, कमी झालं का, टोपरं घट्ट आहे का. आई म्हणून आपण पास की नापास, तिला कळत नव्हतं. फोन उचलण्यात मात्र ती परीक्षक होती. माणूस जिथे पास असतो तिथेच जास्त फुशारतो.

"सासरा?" तेजलनं विचारलं. "रघू?"

"तोच सांगतोय ना."

रघू बारा वर्षांपूर्वी, अशाच कार्तिक अमावास्येला, समुद्रावर गेला तो आला नाही. होडी मालगुंडच्या किनाऱ्याला लागली. रिकामी. तेव्हापासून गुणवंतीनं कुंकू पुसलं नाही, आणि तो नंबर बदलला नाही. रघूला तेवढा एकच नंबर पाठ होता. बेपत्ता माणसाची बारा वर्षं भरली की क्रियाकर्म करतात. सर्वेशनं भटजींना बोलावणं धाडायचंही ठरवलं होतं. गुणवंतीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तर त्या मंगळवारी दुपारी बाळाला नवव्या महिन्याची लस टोचली होती. संध्याकाळी अंग तापलं. सलोनी त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, आणि शेजारची चिमा गुणवंतीच्या फोनवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचत होती.

"काकी, रिचार्ज संपलाय. सवलतीचे दिस पन संपले. आज रातच्या बारापासून फोन यायचे बंद. नंबर जानार म्हंतायत."

गुणवंती वळली. "बाय, तुला सांगितलं होतं भरायला."

"विसरले," सलोनी म्हणाली.

ती विसरली नव्हती. तिनं ठरवून भरलं नव्हतं. हा नंबर आपोआप मरेल, मग सासूला नवा फोन, नवा नंबर, सगळं आपल्या प्लॅनमध्ये, आणि हे मुकं नाटक कायमचं बंद. असा तिचा सरळ हिशेब. आणि ऐका, तिच्या स्वतःच्या फोनवरून ते रिचार्ज त्या क्षणीसुद्धा झालं असतं. दोन बोटांचं काम. म्हातारीला ते माहीत नव्हतं. सलोनीला माहीत होतं.

"आई, बारा वर्षं झाली," ती म्हणाली. "कोण फोन करणार आहे त्या नंबरवर?"

गुणवंतीनं चप्पल पायात घातली. पदर खोचला. बॅटरी घेतली. गावातलं दुकान बंद होतं. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ-पठारावर, बंदराच्या कामगारांची वस्ती आहे तिथे, एक दुकान अकरापर्यंत उघडं असतं. जाऊन-येऊन तीन तासांच्या वर चाल. म्हातारी आठ वाजता जेवण न करता निघाली.

"फोन तरी घेऊन जा," सलोनी म्हणाली. रिचार्ज करायला जाणारी बाई फोन घरी ठेवून जाते, यावर उद्या एक झकास रेकॉर्डिंग होईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

"वाटेत रेंज मिळंल, नाय मिळंल. हिथं हाय तर तो हिथंच राहूंदे." गुणवंती दारात थांबली. "वाजला तर उचल. बोलू नको. दोन झाल्यात. एकच ऱ्हायलीय. ती आली तरी बोलू नको. मी येईस्तोवर नुसता कानाशी धर."

"दोन काय झाल्यात?"

पण ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

नऊ वाजले. दहा वाजले. बाळ किरकिरत होतं, ताप उतरत होता, चढत होता. अकरा वाजले आणि सलोनीला पहिल्यांदा थोडी लाज वाटली. पासष्ट वर्षांची बाई, अमावास्येची रात्र, सड्यावरचा रस्ता, बिबट्याही फिरतो. तिनं आपला फोन हातात घेतला. रिचार्जचं पान उघडलं. नंबर टाकला. आता नुसतं एकदा बोट टेकवायचं.

बाळ रडलं. तिनं फोन बाजूला ठेवला.

अकरा पस्तीसला बाळ झोपलं. सलोनी पाळण्याची दोरी सोडून भिंतीला टेकली. बाहेर भरती पुरी होत आली होती. पाण्याचा आवाज अगदी अंगणाशी.

अकरा चाळीस.

फोन वाजला.

तिनं झडप घातली. भीतीनं नव्हे. बाळ उठेल म्हणून. पिशवीसकट फोन आकड्यावरून ओढला. आणि तोंडातून आपोआप निघालं...

"नमस्कार, सलोनी बोलतेय."

पलीकडे काही नाही. खरखर नाही. वारा नाही.

"हॅलो? कोण हवंय आपल्याला?"

काही नाही. अशा शांततेसाठी तिच्या तक्त्यात नियम होता. तीन सेकंद थांबावं. मग नम्रपणे पुन्हा विचारावं. ती मोजू लागली. एक. दोन.

"गुणे..."

पुरुषाचा आवाज. दमलेला. पण घाई नसलेला.

सलोनीला वाटलं, जेट्टीवरचा कुणी पिऊन पडलेला. सासूबाईंना 'गुणे' म्हणतोय! तिला हसू आलं. दिवसभराचा ताप, चिंता, लाज, सगळं त्या हसण्यात आलं. आणि जिभेला सवयीचं होतं ते जिभेनं केलं.

"ओ..." सलोनी म्हणाली.

हुबेहूब. लांबलचक. मैत्रिणींनी टाळ्या दिल्या असत्या.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

मग...

"चल."

तात्या थांबले. तेजलनं नकळत पाय वर घेतले होते.

"तिला कुणी ओढलं नाही," तात्या म्हणाले. "तिनं मला स्वतः सांगितलंय. गॅसवर दूध ठेवलंय हे आठवल्यावर बाईचे पाय कसे उठतात? तसे उठले, म्हणाली."

तिनं कडी काढली. अंगणात आली. पायात चप्पल नाही. फोन कानाशी.

मागे बाळ रडलं.

तिनं ऐकलं. नीट ऐकलं. नऊ महिने त्या आवाजाला ती झोपेतूनही वळत आली होती.

पाय वळले नाहीत.

बाळ रडत होतं. पाय उतारावर होते. जांभ्याची पायरी. मग दुसरी. मग ओली. समोर जेट्टी. जेट्टीच्या कडेला पाणी. काळं. भरलेलं. कडेच्या बरोबरीनं.

बाळ ओरडत होतं... मग दमून हुंदके... मग...

"सलोनी!"

बॅटरीचा उजेड. पाय थांबले नाहीत.

"सलोनी!"

पाणी चार हातांवर.

"सलोनी!"

तिसऱ्या हाकेला पाय थांबले. एकदम. दोरी कापावी तसे.

"ओ," सलोनी म्हणाली. स्वतःच्या आवाजात.

गुणवंती धापा टाकत तिच्यापाशी आली. तिच्या हातातला फोन बघितला. अजून चालू होता. सेकंद पळत होते.

"किती येळा?"

"एकदाच." सलोनीनं तिचं मनगट धरलं. "आई, मी... मी ओ दिली. तुमच्या आवाजात. चेष्टेनं."

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. सलोनी तिला ओळखत होती, शिव्या अंगावर घेतल्या असत्या. पण गुणवंतीनं फक्त तिच्याकडे बघितलं. जाळ्यात आलेली निकामी मासळी परत पाण्यात टाकण्याआधी बघतात, तसं.

"त्या राती त्यांनी दोनदा मारली हाक," गुणवंती म्हणाली. "होडीतनं. ह्याच फोनवर. मी फोन धरून उभी. तिसरीची वाट बघत. मोठी शानी. आनि लाईन गेली." तिनं पाण्याकडे बघितलं. "जिता होता गो माणूस तवा."

उतारावरून बाळाचा आवाज आला. बारीक. घसा बसलेला.

"पोर रडतंय. जा."

"आई, तुम्ही..."

"रिचार्ज मारलाय. वर्साचा." गुणवंतीनं दुकानाची चिठ्ठी तिच्या मुठीत कोंबली आणि तिच्या बोटांतून फोन सोडवून घेतला. "मागं बघू नको."

सलोनी पळाली. मागून तिनं एवढंच ऐकलं.

"ओ... मी हाय. ती नव्हं."

तिनं मागे बघितलं नाही. आयुष्यात सासूचं ऐकलेलं तेवढं एकच.

घरात बाळ पाळण्याच्या कडेला लोंबकळून उचक्या देत होतं. तिनं उचललं, छातीशी धरलं, दाराला कडी घातली, मग काढली. सासू बाहेर आहे म्हणून. पहाटेपर्यंत दार उघडंच होतं. कुणी आलं नाही.

दोन दिवस गावच्या होड्या शोधत होत्या. पोलिसांत नोंद झाली. गुणवंती मिळाली नाही. चप्पल नाही, बॅटरी नाही, फोन नाही.

"मग सलोनी गेली मुंबईला?" ऋत्विकनं विचारलं.

"सर्वेश बोलावून थकला. ती नाही जात. म्हणते, रेंज या खिडकीतच आहे." तात्यांनी तुच्छतेनं ओठ मुरडले, पण कुणाबद्दल ते कळलं नाही. "नोकरी सोडली तिनं. फोन कसा उचलावा हे आता ती कुणालाही शिकवत नाही. ज्या नंबरवर दोन बोटं टेकवायला जड झाली होती, तो आता ती दर वेळी मुदतीच्या आधी आठ दिवस भरते. आणि रात्री मुलगा झोपला की त्यावर फोन लावते."

"लागतो?"

"चार वेळा वाजतो. मग उचलला जातो."

मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

"कोण बोलतं?"

"कुणीही नाही. उचलला जातो आणि गप्प. ही म्हणते, 'आई'. मग म्हणते, 'आई'. आणि ठेवून देते. माफी मागायची असते तिला. पण तिसरी हाक मारायची छाती होत नाही. ओ आली तर? आणि ओ देऊन येणारं जे काही असेल, ते कसं असेल? घरात लहान मूल आहे."

"तात्या, कुणाला तरी तो फोन सापडला असेल," ऋत्विक म्हणाला. "कुणी खोडसाळ..."

"असेल की. मोठा हुशार तू. दोन वर्षं तो खोडसाळ माणूस एक शब्द बोलत नाही, इतकंच. आणि रिचार्ज सलोनी करते रे. चार्ज कोण करतं?"

ऋत्विकनं हातातला फोन पालथा ठेवला.

"परवाच्या कार्तिक अमावास्येला," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला, "मुलगा झोपेना. पावणेतीन वर्षांचा झालाय आता. तिनं कडेवर घेतलं. म्हणाली, आज एक दिवस नको लावायला. मग लावलाच. खिडकीत उभी राहून. चारदा वाजला. उचलला.

'आई,' ती म्हणाली.

गप्प.

'आई.'

गप्प. ती ठेवणार, एवढ्यात कडेवरच्या पोरानं फोनला तोंड लावलं. आईचंच बघून शिकलेलं ते. फोनवर काय करतात, तर हाक मारतात.

'आजी!' म्हणाला."

तात्या थांबले.

लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग तेही थांबलं.

"मग?" तेजल कुजबुजली. "तात्या... ओ आली?"

तात्यांनी मेणबत्तीची वात खुडली. मेणबत्ती निम्मी झाली होती.

"तिनं फोन कापला," ते शेवटी म्हणाले. "घाईनं. आधी की नंतर, तिलाच सांगता येत नाही. दार लावलं. खिडकी लावली. पोराला पोटाशी घेऊन रात्रभर बसून राहिली. कुणी आलं नाही. काही वाजलं नाही."

"आणि?"

"आणि सकाळी तिनं खिडकी उघडली. आकड्याला प्लास्टिकची पिशवी टांगलेली. कोरडी. आत गुणवंतीचा फोन. रेंजची एकच काडी..."

तात्यांनी आरामखुर्चीत मान मागे टाकली.

"...आणि बॅटरी भरलेली. पूर्ण."